निमित्तापुरतं आरोग्य

ठाण्यात कचराळी तलावाभोवतीच्या ट्रॅकवर जानेवारीत धड चालायला जागा मिळत नाही. नवे बूट, नवी बाटली, मनगटावर नवं घड्याळ. होळीपर्यंत ही गर्दी ओसरते आणि उरतात ती वर्षानुवर्षं येणारी माणसं. मला कुतूहल आहे ते या उरलेल्यांचं. कारण त्यांच्यातलं कुणी आरोग्याबद्दल बोलताना ऐकू येत नाही. नातवाची ॲडमिशन, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, कुणाच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट कुठे अडलंय, यातच फेऱ्या संपतात. एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. त्या फोनच्या धाकाने माणूस उठून येतो. बीपीच्या धाकाने येत नाही, हे आमच्याच घरात पाहतेय.

तब्येतीसाठी म्हणून धरलेली सवय फार दिवस टिकत नाही, असं माझं मत होत चाललंय. तिला दुसरं काहीतरी निमित्त लागतं. गप्पांचं, खाण्याचं, देवाचं, नाहीतर चक्क उचापतीचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं जरा दमवणारी हालचाल करायला सांगते. कचराळीची मंडळी न मोजता त्याच्या पुढे जातात. मोजणारे मात्र रात्री अकरा वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालून दहा हजार पावलं भरतात. हा दहा हजारांचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच तो होता. तेव्हा नऊ हजार सहाशेवर झोप आली तर खुशाल झोपावं.

माझं स्वतःचं निमित्त भाजीचं. फोनवर मागवली तर दहा मिनिटांत दारात येते हे मला ठाऊक आहे. पण ती भेंडी कुणीतरी दुसऱ्याने निवडलेली असते आणि भेंडीच्या बाबतीत मी कुणावर विश्वास ठेवत नाही. म्हणून नौपाड्यातून चालत जांभळी नाक्याला जाते, येताना दोन पिशव्या. यालाच जिममध्ये पैसे मोजून वजन उचलणं म्हणतात.

पावसाळा तोंडावर आला की या बाजाराला खरा रंग चढतो. शहापूर, मुरबाड, येऊरकडून रानभाज्या घेऊन बायका येतात आणि रस्त्याच्या कडेला गोणपाटावर वाटे मांडून बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, पुढे कंटोळी. शेवळं म्हणजे पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येणारे जांभळट तपकिरी कोंब, चार दिवस दिसतात आणि गायब होतात. त्यात सुईसारखे बारीक क्षार असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे, ते घशाला टोचतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडं, म्हणजे काकड झाडाची छोटी आंबट फळं, घालायची. यंदा मी नुसतीच शेवळं उचलली तर मावशीने हातातली जुडी परत घेतली.

"काकडं घे ना ताई. नायतर घसा धरंल, मंग मला शिव्या घालशील."

"चिंच आहे गं घरी."

"चिंच ऱ्हाऊ दे तुझी घरी. ही घे." आणि मूठभर काकडं पिशवीत टाकूनच तिने जुडी दिली.

दिवसाला निदान चारशे ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात, ताटात वेगवेगळे रंग असावेत, असं आहारतज्ज्ञ सांगतात ते बरोबरच आहे. पण रंग मोजून कुणी जेवत नाही. 'आता नाही घेतली तर वर्षभर मिळायची नाही' ही हाव मात्र काम करते. टाकळा आवडीने खाणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, तरी दर पावसाळ्यात तो आमच्याकडे दोन-तीनदा होतोच. कोवळा असताना आणला नाही तर सासूबाईंना ऋतू चुकल्यासारखा वाटतो.

त्यांचंच दुसरं खातं बिरड्याचं. कडवे वाल रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे. आपल्या दमट हवेत मोड यायला फार वाट पाहावी लागत नाही. मग ते कोमट पाण्यात टाकून सोलायला बसायचं. वाल चिमटीत धरायचा, मोडाच्या विरुद्ध बाजूने हलकंच दाबायचं, की साल बोटांत राहते आणि मोडासकट दाणा वाटीत पडतो. जास्त दाबलं तर दाण्याच्या दोन डाळी होतात आणि सासूबाई बघतात. बोलत नाहीत, बघतात.

मोड आले की कडधान्याचं काय काय होतं, ते आता सगळ्यांना पाठ झालंय. क जीवनसत्त्व तयार होतं, लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, पोटाला हलकं पडतं. सालीबरोबर तंतुमय भाग जातो हेही खरं, आणि ते एकदा मी बोलूनही पाहिलं. "मग सालं तू खा," असं उत्तर मिळालं. पण पोषणाचा हिशेब बाजूला ठेवला तरी मी हे सोलणं सोडणार नाही. किलोभर वाल सोलायला दोघीतिघींना चांगला तासभर लागतो आणि त्या तासात हात ओले, बुळबुळीत असतात. फोन वाजला तरी उचलता येत नाही. ऑफिसचा ग्रुप पेटलेला असो, नाहीतर सोसायटीत पार्किंगवरून जुंपलेली असो, वाल संपेपर्यंत कुणाला उत्तर नाही. बोटं आपोआप चालत असतात आणि डोक्याला काही काम नसतं. शेजारच्या काकू येऊन बसल्या की त्यांच्या सुनेचा विषय निघतो, मग माझ्या सासूबाई आपल्या सुनेची, म्हणजे माझी, माझ्यादेखत स्तुती करतात. ती काकूंना टोमणा म्हणून असते, पण मिळतेय तर घेते. फोन लांब ठेवायची शिबिरं निघतात म्हणे आजकाल, पैसे भरून. त्यांनी शिबिरार्थींना पाटीभर भिजवलेले वाल द्यावेत.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भजन असतं. आवाजांबद्दल न बोललेलं बरं. तरी तासाभराने बायका बाहेर पडतात तेव्हा आत जातानाचे त्रासलेले चेहरे उरलेले नसतात, आणि त्याचं श्रेय शेवटच्या चहा-चिवड्याला जातं. थोडं श्रेय श्वासालाही द्यायला हवं. अभंगाची ओळ एका दमात ओढायची तर श्वास सोडणं लांबतं, आणि सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाची गती उतरते. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लिहिलं होतं. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणताना काय किंवा योगातला मंत्र म्हणताना काय, लोकांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी स्वस्थ बसलेलं माणूस बारा ते वीस वेळा घेतं. 'मिनिटाला सहा श्वास घ्यायला चला' असं सांगितलं असतं तर आमच्या हॉलमध्ये कोण आलं असतं? हरिपाठाला मात्र सतरंजी कमी पडते.

रात्रीच्या शतपावलीबद्दल फार लिहीत नाही. जेवल्यावर पायांचे स्नायू चालले की रक्तातली साखर ते वापरतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटं चाललेलं चांगलं, एवढं कळलं तरी पुरे. अडचण ही की ठाण्यात शतपावली म्हणजे तलावपाळी, आणि तलावपाळीवर कुल्फी असते. जमाखर्च ज्याचा त्याने पाहावा.

काही गोष्टींना चांगलं निमित्त सापडतच नाही. मीठ घ्या. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून जेमतेम चहाचा एक चमचा, आणि आमच्याकडे वरणभाताबरोबर लोणचं आणि पापड दोन्ही लागतात. इथे मी आळसाला कामाला लावलंय. लोणच्याची बरणी टेबलावरून उचलून वरच्या फडताळात ठेवली आणि तिच्यातला डाव काढून छोटा चमचा टाकला. स्टूल ओढून बरणी काढण्याइतकी कुणालाच लोणच्याची ओढ नसते असं दिसतंय. पापडांचे डबे हात पुरेल तिथेच आहेत. एका वेळी एकच आघाडी उघडावी.

सगळ्यात चिवट निघाला तो रविवारी जेवणावरचा चहा. हात धुतला की यजमानांना तो लागतो. चहातले टॅनिन जेवणातलं लोह शरीरात नीट जाऊ देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शनात जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको असं सांगितलंय. मी ते वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आलं घालायला सांगितलं. म्हणजे भाजीवर लिंबू पिळून, मोड आणून मी जे लोह मिळवायचं, ते यांनी कपभर चहात बुडवायचं.

तेव्हापासून रविवारी दुपारी आमच्याकडे दूध संपलेलं असतं. जवळची डेअरी त्या वेळी बंद, त्यामुळे पार राम मारुती रोडपर्यंत जावं लागतं. वाटेत कुणी ना कुणी भेटतंच, आणि यांना दोन वाक्यांत बोलणं जमत नाही. पिशवी घेऊन परत येईपर्यंत पाऊण तास सहज जातो, उरलेला पाव तास आलं किसायला मला पुरतो.

"दर रविवारी याच वेळी कसं गं दूध संपतं?" असं परवा त्यांनी चपला घालता घालता विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मांजर."

आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो.