माजी सैनिकाच्या घरातला ग्रॅब बार

अमेरिकेत माजी सैनिकांचं खातं अपंगत्वामुळे घरात बदल करावे लागले तर त्यासाठी अनुदान देतं. आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा निर्वाह आणि उपचारांचं बोलतो, माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, 2003 पासून उपचारांचा भार उचलते. बाथरूममधला आधाराचा दांडा, म्हणजे ग्रॅब बार, मात्र घरच्यांनाच बसवावा लागतो. हे बदलायला हवं.

तोवर बसवायचाच, तर नीट बसवा. व्हॅक्यूमवर चिकटणारे हँडल घेऊच नका. ओल्या टाइलवर ते कधी सुटेल याचा नेम नाही. स्टीलचा, सव्वा ते दीड इंच जाडीचा बार घ्या. कमोडशेजारी तो जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर आडवा लावा. घोडबंदर किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये भिंत बऱ्याचदा हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकची असते. त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, माणसाचं वजन आलं की स्क्रूसकट उपसून येते. तिथे केमिकल अँकर, म्हणजे छिद्रात रेझिन भरून पक्का केलेला बोल्ट, लावा, आणि तो पूर्ण सुकेपर्यंत बारला हात लावू नका. टाइल फोडून जाईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर तडा जातो.

एक गोष्ट हमखास राहते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, तर उठताना रक्तदाब घसरून तोल जाऊ शकतो. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी मोजा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवा. रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं.