सप्टेंबरातलं तळाचं पाणी

गोव्यात कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून साधारण १० किलोमीटर आत आम्ही पाण्याचे नमुने घेतो. तिथे खोली जेमतेम २७ मीटर. सप्टेंबरचा शेवट होता, पावसाने उघडीप दिलेली. वरून समुद्र अगदी शहाण्यासारखा दिसत होता. भाड्याच्या ट्रॉलरवर आमच्यासोबत पहिल्यांदाच आलेला एक विद्यार्थी होता आणि बोट चालवणारे तांडेल होते वेंगुर्ल्याकडचे.

निस्किन बाटली, म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली जाड प्लास्टिकची नळी, दोरीने तळापर्यंत सोडली. मग दोरीवरून पितळेचं वजन सोडायचं. ते जाऊन आदळलं की झाकणं मिटतात, आणि दोरीला बारीक झटका लागतो, तो हाताला कळावा लागतो. बाटली वर आली तेव्हा बाहेरून थंडगार होती. वरचं पाणी २८ अंशांच्या आसपास, हे २२ च्या.

मी तोटी उघडली आणि कुजक्या अंड्यांचा भपकारा आला. विद्यार्थी मागे सरला. "मॅडम, गटाराचं पाणी इथपर्यंत येतं?"

सगळ्यांना पहिल्यांदा हेच वाटतं. पण १० किलोमीटर आत, तळाशी, एवढ्या थंड पाण्यात गटार कुठून येणार? तो थंडपणाच खरी ओळख सांगत होता. पावसाळ्यात या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं. त्याची जागा घ्यायला खालचं पाणी वर चढतं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि वर चढणारं पाणी त्या पट्ट्याच्या माथ्यावरचं, आधीच अर्धमेलं. त्यात वरून पावसाचं आणि मांडवी-झुआरीचं गोडं पाणी पसरलेलं. ते हलकं, त्यामुळे झाकणासारखं बसतं आणि हवेतला प्राणवायू खाली उतरू देत नाही. खाली जिवाणू मेलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खात राहतात. प्राणवायू संपला की त्याच्या जागी पाण्यातलं नायट्रेट, तेही संपलं की सल्फेट वापरतात. सल्फेटची पाळी आली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तोच हा वास.

प्राणवायूचा नमुना सगळ्यांत आधी भरायचा. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या बुडाशी टेकवून पाणी ओसंडू द्यायचं, बुडबुडा एकही नको. मग मँगनीजचं द्रावण, त्यावर क्षारीय आयोडाइड, बूच, आणि उलटंपालटं हलवायचं. ही पद्धत विंकलरने १८८८ साली काढली, अजून तिला तोड नाही. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो. वरच्या पाण्याच्या बाटलीत लगेच दाट तपकिरी साका उतरला. तळाच्या बाटलीत तो पांढराच राहिला. तपकिरी छटा शोधत विद्यार्थी ती बाटली बराच वेळ उन्हाकडे धरून बघत होता.

तांडेल मागून म्हणाले, "तळाक काय एक गावाचा नाय आता. पाणी कुजला हा." आमची उपकरणं काढायच्या आधीपासून त्यांना हे ठाऊक होतं. तळाशी काही मिळणार नाही म्हणून या दिवसांत ते तळाची जाळी टाकतच नाहीत.

वर्तमानपत्रांत दरवर्षी 'प्रदूषण' असा मथळा येतो. मला तो अर्धवट वाटतो. पाणी वर चढणं हे मोसमी वाऱ्यांचं काम, ते आपल्या कारखान्यांच्या आधीचं आहे. मात्र आपण निर्दोष आहोत असंही नाही. समुद्रशास्त्रज्ञ नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलं होतं की इथली ही अवस्था तीव्र होत चालली आहे, आणि त्याला शेतातून वाहून येणाऱ्या खतांचाही हातभार असू शकतो. अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइडही भरपूर निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त तापवणारा वायू.

सल्फाइडच्या नमुन्यांत झिंक अॅसिटेट घालून आम्ही परत फिरलो. वाटेत विद्यार्थ्याने विचारलं, हे सुधारतं कधी? वारे पडले की, मी सांगितलं. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, खालून पाणी चढणं थांबतं, आणि याच जागी तळाच्या बाटलीतही साका तपकिरी उतरतो. त्याने डिसेंबरच्या फेरीसाठी तिथेच नाव दिलं.