सर्व्हर चालू, नेटवर्क बंद: फ्रीबीएसडीवर इथरनेटचा ड्रायव्हर बसवताना

मे महिन्यातल्या एका दुपारी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांच्या टॉवेलच्या कारखान्यात वीज दोनदा गेली आणि दोनदा आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा माग सुरू झाले, पण ऑफिसातला सर्व्हर उठला नाही. मदरबोर्ड जळाला होता. उघडून पाहिलं तर आतल्या पंख्यावर सुताच्या धुळीचा बोटभर थर होता, आणि वर पत्रा तापलेला. त्या बोर्डाने इतकी वर्षं काढली हेच पुष्कळ.

सर्व्हर म्हणजे साधं डेस्कटॉपचं कॅबिनेट. आत दोन हार्ड डिस्क, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवणारी झेडएफएस ही फाइल सिस्टिम, आणि फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम. २०१६ साली माझ्या एका मित्राने तो बसवून दिला. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि सर्व्हर माझ्याकडे आला. नऊ-दहा वर्षांची जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, सगळी डिझाइन्स आणि हिशेबाचे बॅकअप त्याच्यावरच. शेडच्या पलीकडच्या टोकाला जेकार्डचा संगणक आहे, तो डिझाइन इथूनच उचलतो. सर्व्हर बंद म्हणजे नवीन डिझाइन मागावर चढत नाही.

संध्याकाळपर्यंत गावातून नवीन बोर्ड आणि प्रोसेसर आणले, जुन्या डिस्क तशाच जोडल्या. त्या जुन्या बायोस पद्धतीने बूट होणाऱ्या, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सीएसएम, म्हणजे त्या जुन्या पद्धतीची सोय, चालू करावं लागलं. ते पाच मिनिटांचं काम. यंत्र उठलं, झेडएफएसने दोन्ही डिस्क ओळखल्या, एकही फाइल गेली नव्हती. मला हायसं वाटलं. मग राउटरला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली, आणि उत्तरच आलं नाही.

आयएफकॉन्फिग ही नेटवर्कच्या इंटरफेसची, म्हणजे जोडण्यांची, यादी देणारी आज्ञा चालवली. यादीत फक्त एलओ० होतं, म्हणजे यंत्राचं स्वतःशीच बोलण्याचं लूपबॅक. इथरनेटचं काहीच नाही. मागे मात्र पोर्टात केबल खोचलेली आणि पोर्टाचा हिरवा दिवा लागलेला. या दिव्यावर विसंबू नये. समोरच्या स्विचशी तार जुळली आहे, एवढंच तो सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमने कार्ड ताब्यात घेतलं आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

इथे नावांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लिनक्सवरून आलेला माणूस इथेच अडतो. लिनक्सवर पूर्वी ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं असायची, आता कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून लांबलचक नाव पडतं. फ्रीबीएसडीत इंटरफेसला त्याच्या ड्रायव्हरचं, म्हणजे ते कार्ड हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव मिळतं आणि पुढे क्रमांक लागतो. इंटेलचं गिगाबिट कार्ड असेल तर ईएम०, रिअलटेकचं गिगाबिट असेल तर आरई०, रिअलटेकचं जुनं ८१३९ असेल तर आरएल०. मला ही पद्धत फार आवडते. नुसतं नाव वाचलं की आत कुठल्या घराण्याची चिप आहे आणि मॅन्युअलचं कुठलं पान उघडायचं ते कळतं. पण याचा दुसरा अर्थ असा की बोर्ड बदलला की नावही बदलतं. आरसी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये आयपी पत्त्याची ओळ ईएम०च्या नावाने लिहिलेली होती. जुन्या बोर्डावर इंटेलची चिप होती. आता ईएम० नावाचं कोणी घरातच नव्हतं, त्यामुळे ती ओळ निरर्थक झाली होती.

एवढ्यात मामा आले. "काय व्हायलंय रे? चालू झालं का नाही?"

"यंत्र चालू झालंय मामा, नेटवर्कचं कार्ड अजून धरलं नाही."

"उद्या सकाळी चादरीचं नवीन डिझाइन चढवायचंय, लक्षात ठेव."

आधी यंत्रालाच विचारायचं, हे मी मित्राकडून शिकलो. पीसीआयकॉन्फ ही आज्ञा एल आणि व्ही हे पर्याय देऊन चालवली की बोर्डावरच्या एकूण एक पीसीआय उपकरणाची ओळ समोर येते. ज्याला ड्रायव्हर मिळाला, त्याच्या ओळीच्या सुरुवातीला ड्रायव्हरचं नाव असतं. ज्याला मिळाला नाही, त्याच्या नावाच्या जागी 'नन' लिहिलेलं असतं. यादी सावकाश खाली सरकवत गेलो आणि ती ओळ सापडली: नन१. उत्पादकाचा क्रमांक १०ईसी, म्हणजे रिअलटेक. उपकरणाचा क्रमांक ८१२५. खाली स्वच्छ लिहिलेलं, वर्ग नेटवर्क, उपवर्ग इथरनेट.

म्हणजे कार्ड बिघडलेलं नव्हतं, यंत्राला ते दिसतही होतं. त्याला हाताळणारा कोणी नव्हता, एवढंच. मॅन्युअलच्या चौथ्या विभागात उपकरणांच्या ड्रायव्हरची पानं असतात. तिथे आरईचं पान उघडलं. हा ड्रायव्हर मुळात बिल पॉल यांनी लिहिलेला. ८१३९सी प्लस, ८१६९, ८१६८, ८१११ अशी चिपची यादी दिली होती. ८१२५ त्यात नव्हतं. ही अडीच गिगाबिटची चिप आहे. अडीच गिगाबिटचं मानक २०१६ सालचं, तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं १९९९ सालचं. आमच्या यंत्रावर फ्रीबीएसडीची चौदावी आवृत्ती आहे आणि तिच्यासोबत येणारा आरई ड्रायव्हर या चिपला ओळखत नाही. बोर्ड घेताना खोक्यावर 'टू पॉइंट फाइव्ह जी लॅन' असं मोठ्या अक्षरात होतं आणि ते मला चांगलंच वाटलं होतं. आता कुठलाही बोर्ड घेण्याआधी मी लॅनच्या चिपचा क्रमांक विचारतो आणि तो मॅन्युअलच्या पानाशी ताडून पाहतो.

उपाय मला माहीत होता. रिअलटेकने स्वतः लिहिलेला ड्रायव्हर फ्रीबीएसडीच्या पॅकेजांमध्ये रिअलटेक-आरई-केमॉड या नावाने मिळतो आणि त्याला ८१२५ कळतं. अडचण एकच होती. पॅकेज उतरवायला नेटवर्क लागतं, आणि तेच तर नव्हतं.

रात्रीचे साडेआठ वाजले होते, दुकानं बंद व्हायची वेळ. शेवटी फोन कामाला आला. अँड्रॉइडच्या फोनला यूएसबी टिदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलने संगणकाला देण्याची सोय, असतं आणि फ्रीबीएसडीत त्यासाठी यूआरएनडीआयएस नावाचा ड्रायव्हर तयार असतो. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येत नाही, म्हणून कारखान्यातल्या अण्णांच्या मदतीने कॅबिनेट उचलून खिडकीत नेलं. फोन जोडला, टिदरिंग चालू केलं, केएलडीलोड या आज्ञेने त्या ड्रायव्हरचं इफ-यूआरएनडीआयएस हे मॉड्यूल चढवलं. लगेच यूई० नावाचा नवीन इंटरफेस उभा राहिला. त्याच्यावर आयपी पत्ता मागून घेणारं डीएचक्लायंट चालवलं, फोनने १९२.१६८.४२ मधला पत्ता दिला, आणि दोन-तीन मिनिटांत पॅकेज उतरलं.

पॅकेज बसलं की शेवटी एक सूचना छापली जाते: लोडर डॉट कॉन्फ या बूट होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये दोन ओळी घाला. मी घाईत पहिलीच घातली, इफ-आरई-लोड बरोबर येस. रीबूट केलं. कार्ड पुन्हा नन१.

इथे माझी अर्धी रात्र गेली असती. केएलडीस्टॅट या आज्ञेने वाचवलं. त्याला व्ही हा पर्याय दिला की चढलेलं प्रत्येक मॉड्यूल कुठल्या फोल्डरातून आलं त्याचा पूर्ण पत्ता दिसतो. इफ-आरई चढलेलं होतं, पण बूट-कर्नल या फोल्डरातून, बूट-मॉड्यूल्समधून नाही. दोन ठिकाणी एकाच नावाची फाइल होती. लोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, आधी कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) फोल्डरात शोधतो, तिथे जुना ड्रायव्हर सापडला, त्याने तोच घेतला. नवीन ड्रायव्हर शेजारच्या फोल्डरात तसाच पडून होता. दुसरी ओळ यासाठीच असते: इफ-आरई-नेम, आणि त्यापुढे बूट-मॉड्यूल्समधल्या फाइलचा पूर्ण पत्ता. ती घातली, पुन्हा रीबूट केलं, बूटचे संदेश डीमेसेजमध्ये वाचले. आरई०. खाली मॅक पत्ता. मी खुर्चीतून उठून मामांना फोन केला.

पत्त्याचं काम त्यानंतर सोपं होतं. आरसी डॉट कॉन्फ हाताने न उघडता त्यातल्या ओळी बदलणारी सिसआरसी ही आज्ञा वापरली, म्हणजे अवतरणचिन्ह राहून फाइल बिघडण्याचा धोका नाही. जुनी ईएम०ची ओळ काढली, आरई०साठी १९२.१६८.१.१० आणि नेटमास्क २५५.२५५.२५५.० घातला. डिफॉल्ट राउटरची ओळ होती तशीच ठेवली, तिला इंटरफेसच्या नावाशी देणंघेणं नसतं. मग इंटरफेस सांभाळणारी नेटिफ सेवा रीस्टार्ट केली, आणि लगोलग राउटिंगही. नुसतं नेटिफ रीस्टार्ट केलं तर डिफॉल्ट रूट, म्हणजे राउटरमार्गे बाहेर जाण्याची वाट, उडतो, आणि मग शेजारचे संगणक दिसतात पण बाहेरचं जग दिसत नाही.

तरी एक गोष्ट अडली. बाहेरच्या आयपीला पिंग जात होतं, नावाने मात्र एकही साइट सापडत नव्हती. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल उघडून पाहिली तर नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारा, म्हणून अजून फोनचाच पत्ता. टिदरिंगच्या वेळी डीएचक्लायंटने तो लिहून ठेवला होता, आणि आता पत्ता हाताने दिल्यामुळे तो बदलणारं कोणी नव्हतं. राउटरचा पत्ता घातला, झालं.

रात्री उशिरा शेडमधल्या संगणकावर डिझाइनचं फोल्डर कॉपी करून पाहिलं. साधारण दहा जीबी. पंधरा मिनिटं होत आली तरी संपेना. आयपर्फने वेग मोजला तर सेकंदाला ९४ मेगाबिट, आणि स्विच तर गिगाबिटचा. सर्व्हरच्या आयएफकॉन्फिगमध्ये मीडियाची ओळ १००० बेस-टी, म्हणजे गिगाबिट, दाखवत होती. शेडच्या संगणकावर मात्र जोडणी १०० मेगाबिटची. म्हणजे ड्रायव्हरचा दोष नाही, दोष मधल्या लांब केबलमध्ये. शंभर मेगाबिटला आठपैकी चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी तुटली तरी बरीच कार्डं गुपचूप शंभरवर उतरतात. काम चालू राहतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळतही नाही.

अण्णा रात्रपाळीला होते. मी शाळेत होतो तेव्हापासून ते या कारखान्यात आहेत. फणीतून ताण्याचे धागे ओढण्यात त्यांचा हात धरणारा इथे कोणी नाही. त्या केबलचा प्लग त्यांच्या हातात दिला. ट्यूबलाइटखाली धरून त्यांनी तो दोनदा फिरवला.

"हे सात धागे शेवटपर्यंत आलेत. ह्यो तपकिरी मागंच राहिलाय बघ की."

मी वाकून पाहिलं. पारदर्शक प्लास्टिकच्या आत सात तांब्याची टोकं ओळीने पुढच्या भिंतीला टेकलेली, आणि आठवी, तपकिरी, तीन-चार मिलिमीटर मागेच थांबलेली. सोन्याच्या मुलाम्याची पिन तिच्यात घुसलीच नव्हती. प्लग कापला, वरचं वेष्टण सोललं. जोड्यांचा पीळ लागतो तेवढाच सोडला, कारण पीळ जास्त सोडला तर जोडी गोंगाट पकडते, आणि मागांच्या मोटारींशेजारी गोंगाटाला काय तोटा? पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. अण्णांनी आठही तारा अंगठ्याखाली सपाट धरल्या, मी एका रेषेत कापल्या, त्यांनीच प्लगमध्ये सरकवल्या. या वेळी आठही टोकं भिंतीला टेकलेली दिसली, तेव्हा क्रिंपर, म्हणजे पिना तारांत घुसवणारी पक्कड, दाबला.

आयपर्फने ९४१ दाखवले. तेच फोल्डर दीड मिनिटात कॉपी झालं.

कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर लोडर डॉट कॉन्फच्या दोन ओळी लिहिल्या आहेत, आणि खाली लाल पेनाने: सिस्टिमची आवृत्ती बदलली की हा ड्रायव्हरही त्याच आवृत्तीचा बसवायचा, तोपर्यंत रीबूट करू नये. हे मॉड्यूल कर्नलच्या आत जाऊन बसतं, आणि न जुळणारं मॉड्यूल चढलं तर यंत्र बूट होतानाच कोसळू शकतं. सकाळी सात वाजता चादरीचं डिझाइन जेकार्डवर चढलं.