मनोमिन: मिनेसोटाच्या तळ्यांत उगवणारं धान्य

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. हा आकडा उगाच फुगवलेला नाही, उलट कमीच आहे. 10 एकरांहून मोठी तळी तिथे 11,842 भरतात. (आणि तरी दक्षिणेकडच्या चार काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) एकही नैसर्गिक तळं नाही.) हिमयुगाच्या शेवटी बर्फाची चादर उत्तरेकडे हटली, तेव्हा बर्फाचे प्रचंड तुकडे गाळात, वाळूत गाडले गेले. ते सावकाश वितळले आणि त्यांच्या जागी खड्डे उरले. त्यातले बरेचसे म्हणजे आजची तळी.

पण सगळ्याच तळ्यांत मनोमिन, म्हणजे इथलं पाण्यात वाढणारं रानधान्य, उगवत नाही. त्याला साधारण अर्धा ते तीन फूट पाणी, खाली मऊ चिखल आणि पाण्याला किंचित ओढ लागते. म्हणून ते जास्त करून ओढा तळ्यात शिरतो किंवा तळ्यातून बाहेर पडतो तिथे दिसतं. खोल, खडकाळ तळं बघायला कितीही सुंदर असलं, तरी या धान्याच्या दृष्टीने ते पडीक रान.

बाजारात याला 'वाइल्ड राइस' म्हणतात. आपल्या भाताची प्रजाती ओरायझा, याची झिझानिया. म्हणजे नातं आहे, पण चुलत. इथल्या दोन आदिवासी समाजांपैकी डकोटा लोक याला 'प्सिन' म्हणतात, ओजिब्वे 'मनोमिन'. पूर्वेकडून आलेल्या ओजिब्वेंच्या स्थलांतरकथेत 'जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा' अशी आज्ञा आहे, आणि ते याच तळ्यांच्या मुलखात थांबले.

हे दर वर्षी बियांपासून नव्याने उगवतं. पिकलेला दाणा गळून चिखलात रुततो आणि गोठणबिंदूच्या जवळपासच्या पाण्यात तीन-चार महिने काढल्याशिवाय त्याला कोंब फुटत नाही. वाळवून ठेवलं की बी मरतं, त्यामुळे बियाणं कणगीत भरून ठेवायची सोय नाही. वसंतात रोप आधी पाण्याखाली वाढतं आणि जूनच्या सुमारास त्याची पानं पाण्यावर फितीसारखी आडवी तरंगतात. सगळ्यात नाजूक काळ हाच. मुळं अजून घट्ट धरलेली नसतात आणि पानांत हवा असते, त्यामुळे मोठ्या पावसाने पाणी झपाट्याने चढलं की रोप स्वतःच तरंगत मुळासकट वर येतं. ऑगस्टमध्ये कितीही छान ऊन पडलं तरी जूनचं हे नुकसान भरून निघत नाही. शिवाय पीक दर वर्षी सारखं येत नाही. चार वर्षांत एक भरघोस, दोन बेताची आणि एक वाया, असा जुना हिशेब सांगतात.

काढणीला माणसं दोन आणि कनू, म्हणजे अरुंद हलकी होडी, एक. एकजण उभा राहून लांब काठीने तळाला रेटा देत कनू पुढे सरकवतो. काठीच्या टोकाला दुबेळकं असतं, त्यामुळे ती चिखलात रुतत नाही आणि मुळंही दुखावत नाहीत. दुसरा बसलेला, दोन्ही हातांत सीडरच्या लाकडाच्या हलक्या काठ्या. एका काठीने ताटं कनूवर वाकवायची, दुसरीने लोंबीवरून अलगद फटका द्यायचा. पिकलेला दाणा तेवढ्याने कनूत पडतो, कच्चा जागेवर राहतो. इथे नवखा माणूस हमखास चुकतो: भात झोडपतात तसा तो जोर लावतो. मग ताटं मोडतात आणि त्या जागेचं पुढचं पीक जातं. लोंबीतले दाणे वरून खाली टप्प्याटप्प्याने पिकतात, म्हणून त्याच पट्ट्यात काही दिवसांनी पुन्हा फेरी मारता येते.

राज्याचे नियमही याच व्यवहारातून आलेले दिसतात. कनू जास्तीत जास्त 18 फूट लांब आणि 36 इंच रुंद, तीही हाताने चालवलेली. झोडायच्या काठ्या लाकडाच्या, 30 इंचांपेक्षा लांब नाहीत आणि प्रत्येकी एक पौंडापेक्षा हलक्या. हंगाम 15 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर, वेळ सकाळी 9 ते दुपारी 3. आदिवासींच्या राखीव प्रदेशांत त्यांचे स्वतःचे नियम चालतात. दाण्याला लांब, काटेरी कुसळ असतं. ते डोळ्यात गेलं तर वाईट, म्हणून चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. भर ऊन असलं तरी.

ओला माल पोत्यात तसाच ठेवला तर तापतो आणि बुरशी धरतो, म्हणून त्याच दिवशी ताडपत्रीवर पसरायचा. मग लोखंडी काहिलीत लाकडाच्या जाळावर सतत हलवत भाजायचा. जाळ जास्त झाला तर दाणा फुटतो, कमी झाला तर टरफल सुटत नाही. त्यानंतर खड्ड्यात घालून स्वच्छ मोकासिन (मऊ चामड्याचे जोडे) घातलेल्या पायांनी मळायचा आणि शेवटी बर्च झाडाच्या सालीच्या सुपात पाखडायचा. पाखडण्याची लय कोकणातल्या बाईला शिकवावी लागणार नाही. दोन-तीन पौंड ओल्या मालातून एक पौंड तयार दाणा निघतो.

या धान्याचा इतिहास म्हणजे पाणी कोणी अडवलं याचा इतिहास. 1837च्या करारात ओजिब्वेंनी अमेरिकी सरकारला जमीन दिली, पण शिकार, मासेमारी आणि मनोमिन गोळा करण्याचा हक्क कलमातच लिहून घेतला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 1999 साली कायम ठेवला. कराराने हक्क राखला खरा, पण पाण्याची पातळी राखली नाही. 1880च्या दशकापासून मिसिसिपीच्या उगमाकडे धरणं बांधली गेली, ती खालच्या जहाजांना आणि मिनिआपोलिसच्या पिठाच्या गिरण्यांना वर्षभर पाणी मिळावं म्हणून. विनिबिगोशिश आणि लीच लेक या तळ्यांची पातळी चढली आणि मनोमिनचे पट्टे बुडाले. उत्तरेतल्या लोहखाणींतून दुसरं संकट आलं: सल्फेट. चिखलातले जिवाणू त्याचं सल्फाइड करतात आणि ते मुळांना विषारी ठरतं. 1973 साली राज्याने मनोमिनच्या पाण्यासाठी लिटरला 10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. ती काटेकोर पाळायची की सैल करायची, यावर खाणवाले आणि आदिवासी अजून भांडताहेत. 2018 साली व्हाइट अर्थ या राखीव प्रदेशातल्या ओजिब्वेंनी मनोमिनला स्वतःचे कायदेशीर हक्क असल्याचं जाहीर केलं.

दुकानात मिळणारं काळंभोर, चकाकतं धान्य बहुधा बांधबंदिस्तीच्या शेतातलं असतं. दाणे न गळणाऱ्या जाती तयार झाल्यावर ते यंत्राने कापता येऊ लागलं आणि कॅलिफोर्नियातही पिकू लागलं. मिनेसोटात अशा पाकिटावर 'शेतात पिकवलेलं' असं छापणं बंधनकारक आहे. हाताने भाजलेलं मनोमिन तपकिरी, करडं, थोडं हिरवट असं मिश्र रंगाचं दिसतं आणि त्याला धुराचा वास असतो.

शिजवताना हाच फरक लक्षात ठेवायचा. तळ्यातलं मनोमिन एका वाटीला तीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर 15-20 मिनिटांत होतं, काळ्या दाण्याला पाऊण ते एक तास लागतो. दाणा उमलून आतला फिका भाग दिसला की गॅस बंद करायचा आणि उरलेलं पाणी निथळायचं. फुगून तिप्पट-चौपट होतं, तेव्हा पातेलं मोठं घ्या. आणि तळ्यातल्या मनोमिनला कुकर लावू नका, त्याचा लगदा होतो.