जानेवारीत गार, एप्रिलमध्ये लालबुंद: सेकंडहँड ग्राफिक्स कार्डाचा माझा अनुभव

कार्ड जानेवारीत घेतलं. पुण्यात आंबेगावला, एका इंजिनिअरिंगच्या मुलाच्या रूमवर, रात्री साडेनऊला. आरटीएक्स ३०६० टीआय, ८ जीबी, दोन पंख्यांचं, साडेसतरा हजाराला. मी घरांचे आणि दुकानांचे थ्रीडी वॉकथ्रू करून देते. इंटिरिअरवाले प्लॅन पाठवतात, मी ते ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभं करते, आणि रात्रभर रेंडर चालतं, म्हणजे कार्ड त्याची एकेक फ्रेम तयार करत राहतं. नवं कार्ड परवडत नव्हतं आणि जुन्या कार्डावर महिनाअखेरीची कामं निघत नव्हती.

मुलाने वीस मिनिटं टेस्ट चालवून दाखवली. ७३ अंश. पंख्यांचा आवाज बेताचा. "मायनिंगचं नाही ना रे?" मी विचारलं. "नाही ताई, मीच गेम खेळलोय यावर, होस्टेलला असल्यापासून." हा प्रश्न विचारायची सवयच पडली आहे सगळ्यांना. ग्राफिक्स कार्डं राबवून आभासी चलन कमावणं म्हणजे मायनिंग. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली, तेव्हापासून जुन्या कार्डाकडे सगळे संशयानेच बघतात. मी पैसे दिले, कार्ड टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातलं आणि धनकवडीला घरी आले.

त्या रात्री मी एक गोष्ट बघायला हवी होती ती बघितली नाही: त्याच्या रूमचं तापमान.

एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला. आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती उष्णता खोलीत उतरत राहते. ३०० फ्रेम्सचं एक काम लावलं होतं. जानेवारीत असल्या सीनची एक फ्रेम ३८ सेकंदांत व्हायची, ती आता ४७ सेकंद घेत होती. म्हणजे तीन तास दहा मिनिटांचं काम पावणेचार तासांच्या पुढे गेलं. आणि आवाज? आई झोपेतून उठून दारात आली आणि म्हणाली, "अगं, मिक्सर चालू राहिलाय का?"

एचडब्ल्यूइन्फो हे कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. कार्ड ८४ अंश, हॉटस्पॉट (चिपवरच्या अनेक सेन्सरांपैकी सगळ्यात तापलेला) १०६, पंखे शंभर टक्के, आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १,९०० मेगाहर्ट्झवरून १,५४० च्या आसपास घसरलेला. ही कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करायला लागतात. रेंडर रेंगाळायचं कारण तेवढंच. कार्ड बिघडलेलं नव्हतं, ते स्वतःला सांभाळत होतं.

पहिला राग त्या मुलावर आला. फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, रूम टेम्परेचर किती आहे तुमच्याकडे?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी साधं डिजिटल थर्मामीटर आणून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पुढे ठेवलं. ३६. त्याच्याकडे जानेवारीत २१ होतं, त्याने तेव्हाचा स्क्रीनशॉट आणि खोलीचा आकडा दोन्ही पाठवले. आता हिशेब सोपा झाला. जानेवारीत कार्ड खोलीपेक्षा ५२ अंशांनी जास्त होतं. ३६ मध्ये ५२ मिळवले की ८८ होतात. कार्ड तिथवर जाऊ देत नाही, म्हणून पंखे पूर्ण फिरवून आणि वेग कमी करून ८४ वर अडकलं होतं. म्हणजे दोष जानेवारीतही होताच. पुण्याच्या थंडीने तो झाकला होता, आणि त्या मुलालाही तो कधी जाणवला नव्हता. ७३ हा आकडा नुसता वाचला तर बरा वाटतो. पण २०० वॉटच्या कार्डाला खोलीपेक्षा ५२ अंश जास्त, हे मला आता कुणी सांगितलं तर मी कार्ड उघडून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.

तेव्हापासून प्रत्येक टेस्ट एकाच पद्धतीने केली. तोच सीन, तीच वीस मिनिटं, आणि वहीत चार आकडे: खोली, कार्ड, हॉटस्पॉट, पंख्याचे फेरे. एका वेळी एकच बदल.

आधी कॅबिनेटची काच काढून चालवलं. कॅबिनेटमध्ये हवा कोंडत असेल तर काच काढल्यावर तापमान चांगलंच उतरतं. माझं फक्त तीन अंशांनी उतरलं. म्हणजे दोष कॅबिनेटचा नव्हता. नाहीतर मी दोन नवे पंखे घेऊन बसणारच होते, ऑर्डर करायची बाकी होती. दुसरी खूण वहीतच होती: कार्ड आणि हॉटस्पॉट यांच्यातलं २२ अंशांचं अंतर. हे अंतर दहा-पंधराच्या घरात असलं तर ठीक. वीसच्या वर गेलं की चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट चिकटलेले नाहीत असं समजावं.

आवाजाचं मात्र वेगळं निघालं. नीट ऐकलं तर तो एक आवाज नव्हताच. आफ्टरबर्नर या कार्डाचे पंखे आणि वेग ठरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पंखे ३५ टक्क्यांवर अडकवून ठेवले आणि रेंडर चालू-बंद करत गेले. रेंडर सुरू झालं की एक बारीक सूंऽऽ यायचा, थांबवलं की लगेच जायचा, पंखे तसेच फिरत असताना. हा कॉइलचा, म्हणजे कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्याचा आवाज. विजेच्या भारामुळे कॉइल थरथरते, त्यात काही मोडलेलं नसतं. मग रेंडर बंद ठेवून पंखे ३० टक्क्यांवरून हळूहळू वाढवले. ४५ च्या पुढे घर्रघर्र सुरू झाली. ही पंख्याची. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, आणि पंखे बोटाने फिरवून पाहिले. उजवीकडचा गिरकी घेऊन सावकाश थांबला. डावीकडचा दीड फेऱ्यातच अडला, आणि त्याचं मधलं बटण दोन बोटांत धरून हलवलं तर डुगडुगत होतं. बेअरिंग गेलेलं.

इथे मला सगळ्याची साखळी दिसली. आधी चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली, म्हणून चिप तापली, म्हणून पंखे कित्येक महिने जास्त वेगाने फिरले, म्हणून बेअरिंग झिजलं. आवाज सगळ्यात शेवटी आला, पण लक्ष त्याच्याकडेच आधी गेलं. मी नुसता पंखा बदलला असता तर वर्षभरात नवाही गेला असता.

शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून कार्ड उघडलं. आधी धूळ. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर हवेने पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि होतं नव्हतं ते बेअरिंगही जातं. हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांच्या, म्हणजे फिन्सच्या तोंडाशी धुळीचा चक्क नमदा जमला होता, चिमटीत धरून एका तुकड्यात निघाला. मग चिपभोवतीचे स्प्रिंगचे चार स्क्रू, बाकीचे लहान, पंख्यांच्या वायरचे नाजूक कनेक्टर. वायर ओढायची नाही, कनेक्टर नखांनी दोन्ही बाजूंनी उचलायचा. हीटसिंक सुटेना. ओढाताण न करता दहा मिनिटं रेंडर चालवून कार्ड गरम करून घ्यायला हवं होतं, हे आठवल्यावर सगळं पुन्हा जोडलं, गरम केलं, आणि मग तो हलकेच पिळल्यावर सुटला.

चिपच्या मध्यावर पेस्ट जवळजवळ नव्हतीच. कडांना वाळक्या चुन्यासारखी रांग साचली होती आणि मधोमध आरशासारखी चिप उघडी. कार्ड तापतं-निवतं तशी चिप आणि हीटसिंक किंचित हलतात आणि पातळ पेस्ट थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. इथे चिपवर प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं आणि उष्णता फार, त्यामुळे हे प्रोसेसरपेक्षा इथे लवकर होतं.

मेमरीच्या चिपांवरचे उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड कोरडे पडून काढतानाच फाटले. ते बदलणं आलं. स्वारगेटवरून मेट्रोने मंडई, तिथून चालत पासोड्या विठोबा. पूर्वी इथे पासोड्यांचा बाजार होता, त्यावरून देवाला हे नाव पडलं असं सांगतात. आज देवळाच्या आजूबाजूला रेझिस्टर-कपॅसिटरपासून सोल्डरिंगच्या टोकांपर्यंत सगळं मिळतं. तिथे मला कुणी कधी 'तुम्हाला काय कळणार' अशा नजरेने पाहिलेलं नाही. वस्तूचं नाव आणि माप सांगायचं, बस. काकांनी विचारलं, "पॅड कितीचा देऊ ताई? एक, दीड, का दोन मिलिमीटर?" दीडचा संपला होता. दोनचा दाबून बसेल असं मला वाटलं, घेतला.

तो दाबून बसला नाही. घरी येऊन पेस्ट लावली, सगळं जोडलं, रेंडर लावलं आणि दोन मिनिटांत हॉटस्पॉट १०८. लगेच बंद केलं. पुन्हा उघडलं तर कारण समोर होतं: नव्या पेस्टचा ठसा एका कडेलाच उमटला होता, बाकी चिपवर पेस्ट लावली तशीच्या तशी. अर्धा मिलिमीटर जाड आणि कडक पॅडांनी हीटसिंक वर उचलून धरला होता. मेमरीला गादी मिळाली आणि चिप उपाशी राहिली. जुन्या पॅडचा जो भाग मेमरीच्या चिपच्या बाहेर होता, न दबलेला, तो व्हर्नियरने मोजला. बरोबर दीड. मापं कार्डागणिक वेगळी असतात, एकाच कार्डात मेमरीवर एक आणि पॉवरच्या भागावर दुसरं असंही असतं. मोजल्याशिवाय पॅड घेऊ नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते, कारण त्या दोन मिनिटांत माझ्या पोटात गोळा आला होता.

सोमवारी काकांकडे दीडचा आला. सोबत पेस्टऐवजी हनीवेलच्या पीटीएम७९५० चा एक तुकडा मागवून ठेवला होता. ती पातळ चादर असते, साधारण ४५ अंशांना मऊ होऊन चिपवर पसरते आणि पेस्टसारखी बाहेर ढकलली जात नाही. पण पुण्याच्या एप्रिलमध्ये ती हातातच चिकट होते, वरची फिल्म सुटता सुटत नाही. म्हणून डबीत घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, आईच्या कैरीच्या पन्ह्याशेजारी. गार झाल्यावर फिल्म एका टोकापासून अलगद निघाली. स्प्रिंगचे चार स्क्रू समोरासमोरचे, अर्धा अर्धा फेरा देत आवळले. एक पूर्ण आणि मग दुसरा असं केलं तर हीटसिंक तिरका बसतो.

पहिल्या रेंडरला आकडे फार चांगले नव्हते. ही चादर चार-पाच वेळा तापून निवल्यावरच बसते. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: खोली ३५, कार्ड ७०, हॉटस्पॉट ८२. खोलीपेक्षा ५२ अंशांचं अंतर ३५ वर आलं, हॉटस्पॉटचं २२ वरून १२ वर. फ्रेम पुन्हा ३८ सेकंदांत. मी आईला वही नेऊन दाखवली. तिला आकड्यांचं फार काही नव्हतं, पण माझा चेहरा बघून तिने पन्हं केलं.

पंख्याला तेल घालून पाहिलं, तो वेळ वाया गेला. मागचं स्टिकर उचललं तर आत छिद्रच नाही, बेअरिंग बंद. स्टिकरवरचा नंबर, पात्यांचा व्यास आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, तिन्ही जुळवून ऑनलाइन पंखा मागवला. आठ दिवसांनी आला. माझ्या कार्डाचे पंखे वरच्या आवरणासकट सुटतात, हीटसिंकला हात लावावा लागला नाही. तोवर डावा पंखा घर्रघर्र करतच होता, पण कमी वेगात, कारण त्याच्यावर कामच कमी पडत होतं.

शेवटी अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं. आफ्टरबर्नरच्या कर्व्हमध्ये ९०० मिलिव्होल्टवर १,८०० मेगाहर्ट्झ पकडून ठेवले. कार्ड २०० च्या जागी १५० वॉटच्या आसपास वीज घ्यायला लागलं, फ्रेमला फक्त एक सेकंद वाढला. कार्ड ६४, हॉटस्पॉट ७४, पंखे १,५०० फेऱ्यांवर. कॉइलचा सूं पूर्ण गेला नाही, पण दार लोटलं की ऐकू येत नाही. हे मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर आकडे थोडे सुधारले असते आणि उघडी पडलेली चिप तशीच राहिली असती, म्हणून ते शेवटी ठेवलं याचं बरं वाटतं.

त्या मुलाला सगळे आकडे पाठवले, आधीचे आणि नंतरचे. पहिल्या फोनवर मी ज्या सुरात बोलले त्याबद्दल त्याची माफीही मागितली. तो म्हणाला, "ताई, माझ्या रूममेटचं पण असंच गरगरतंय." रविवारी दोघं येणार आहेत. दीडच्या पॅडचा एक चौकोन माझ्याकडे उरलाय, पण तो त्यांना लागेल की नाही हे त्यांचं कार्ड उघडून मोजल्यावरच. थर्मामीटर मी आधीच टेबलावर ठेवलंय.