मंडईच्या मांडवामागे टर्मिनेटर

भिवापूरला एका आजीबाईंनी वाळल्या मिरचीचं पोतं एसटीत चढवलं आणि पुढच्या थांब्यापर्यंत अख्खी गाडी शिंकत होती. कंडक्टरसुद्धा. पण आजीबाईंना खाली उतरवायची कुणाची टाप नव्हती. नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा हा रस्ता. उमरेडपर्यंत कोळशाची धूळ, भिवापूरला मिरची, आणि नागभीडच्या पुढे दोन्ही हातांना नुसतं धान. दिवाळी नुकतीच आटोपली होती. अर्ध्या बांध्या कापून झालेल्या, ठिकठिकाणी पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचलेले. ब्रह्मपुरी सुटलं की वैनगंगेचा पूल लागतो आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा, म्हणजे वडसा. कागदोपत्री गावाचं नाव देसाईगंज. पण तिकीट मागताना तसं कुणी म्हणत नाही.

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची, पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्यातल्या नाटकांची, राजधानी. नाटक कंपन्यांची ऑफिसं इथेच. बाहेर फलक, आत टेबलावर तारखांची वही. भाऊबीजेपासून गावोगाव मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, भरायला लागतात आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होतं आणि उजाडायच्या सुमाराला संपतं. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. असो, तो राग आज काढत नाही.

माझा मावसभाऊ वडशाजवळच्या एका खेड्यात धानाची शेती करतो. त्यांच्या गावची मंडई होती, म्हणून मी गेलो. मी नागपुरात व्हिडिओ एडिटिंग करतो आणि १९९१ च्या ‘टर्मिनेटर २: जजमेंट डे’ या हॉलिवूडच्या सिनेमाचं मला जरा जास्तच वेड आहे. दादाला ते ठाऊक. वहिनींनी लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि वांग्याची भाजी पोटभर वाढली. जेवून जरा आडवा होतो न होतो तोच दादा म्हणाला, “चाल, तुले मागची बाजू दाखवतो.”

मागची बाजू म्हणजे स्टेजच्या मागची. कंपनीचा ट्रक दुपारीच येऊन उभा होता. पडद्यांच्या गुंडाळ्या, पत्र्याच्या पेट्या, लाकडी फळ्या, ऑर्गन आणि एक खोटी तुळस, कुंडीसकट. गावातली पोरं समोरची जमीन खोदून उतार सारखा करत होती, म्हणजे मागच्या रांगेतल्याला पुढच्याच्या डोक्यामुळे काही दिसलं नाही असं होऊ नये. लाइटवाले काका वायरींच्या गुंत्यात बसले होते. साठीच्या आसपासचे, गळ्यात टेस्टर अडकवलेला. दादानं ओळख करून दिली, “हा पिक्चरच्या मागचं समदं सांगते.”

“कोनत्या पिक्चरच्या जी?” काकांनी मान वर न करता विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यांनी सिनेमा पाहिला होता, टीव्हीवर, हिंदीत. “तो पाऱ्याचा मानूस आहे तो?” म्हणाले, “त्याच्यात बरंच काम हातचं आहे.”

मी चाटच पडलो. या सिनेमाबद्दल शहरात कुणाशीही बोला, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: कॉम्प्युटर ग्राफिक्सनं क्रांती केली. केलीच, वाद नाही. त्याचे दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी १९८९ च्या ‘द अ‍ॅबिस’मध्ये पाण्याचा एक सापासारखा जीव कॉम्प्युटरवर करून घेतला होता. तेच तंत्र पुढे नेऊन इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीनं हा पातळ धातूचा, कुणाचंही रूप घेणारा खलनायक यंत्रमानव, म्हणजे टी-१०००, घडवला. पण १३७ मिनिटांच्या सिनेमात कॉम्प्युटरची कमाल आहे जेमतेम पाचेक मिनिटांची. बाकीचा पाऱ्याचा माणूस रबर, स्प्रिंग, रंग, आरसे आणि जुळी माणसं यांच्या जिवावर उभा आहे. हे मला कळायला मेकिंगच्या कितीतरी डीव्हीडी बघाव्या लागल्या. काकांनी वायरी सोडवता सोडवता ओळखलं.

“कसं ओळखलं जी?” मी विचारलं.

“गोळी लागली का छातीत भोक पडते, मंग बुजते. पडतानी तं फटकन पडते, धक्का बसल्यासारखी. बुजतानी मातर तेलावानी सरकते. दोन कामं दोन जागची आहेत.”

अगदी बरोबर. गोळीचा तो चकचकीत खड्डा स्पेशल इफेक्ट्सवाले स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यात झाला. फोम रबराचा आकार, वर क्रोमसारखा मुलामा, आत स्प्रिंग. तो घडी घालून पोलिसी शर्टाच्या खाली बसवायचा. शर्टाचं कापड आधीच कापून कमकुवत केलेलं. खटका सुटला की रबर एका झटक्यात उमलून शर्ट फाडून बाहेर येतं. टी-१००० चं काम करणाऱ्या रॉबर्ट पॅट्रिकला फक्त वेळेवर धक्का खायचा. खड्डा बुजतो तिथं कॉम्प्युटर येतो. मी लॅपटॉप उघडून ते दृश्य हळू करून दाखवलं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुन्हा, पुन्हा बघितलं. मग एका मदतनीस पोराला हाक मारली, “ये रे, हे पाय. फुगा नोको फोडू म्हनलं होतं का नाई तुले? इस्प्रिंग लाव.”

रात्रीच्या नाटकात एका खलनायकाला गोळी लागणार होती, हे मला तेव्हा कळलं.

बोलता बोलता काकांनी त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या डिमरची गोष्ट काढली. आता डब्यातले डिमर मिळतात. तेव्हा मातीच्या भांड्यात मिठाचं पाणी घ्यायचे आणि त्यात तारेला बांधलेल्या दोन पट्ट्या सोडायचे. एक पट्टी खाली खाली नेली की दिवा उजळतो, वर ओढली की मंद होतो. पहाट करायची तर पट्टी जीव मुठीत धरून हळू उतरवायची, आणि पाणी तापून वाफा यायला लागल्या की प्रवेश लवकर आटपा असा निरोप विंगेतून जायचा. “पहाट झाली तं हिरोइनीचं गानं संपलंच पायजे,” काका म्हणाले, “नाई तं मीठ सरते.”

मग मी त्यांना फोंटानाची गोष्ट सांगितली. सिनेमाचा शेवट पोलादाच्या कारखान्यात आहे. लाल-पिवळा उकळता रस, ठिणग्या, घामानं निथळणारी माणसं. तो कारखाना होता कॅलिफोर्नियातल्या फोंटानाचा कैसर स्टील; शूटिंगच्या आधीच कायमचा बंद पडलेला, भट्ट्या गार. चित्रीकरण रात्रीचं, आणि तिथं चक्क थंडी वाजत होती. उकळतं पोलाद म्हणजे रंगीत द्रव आणि त्याच्या खालून सोडलेले दिवे. घाम म्हणजे फवाऱ्यानं मारलेलं पाणी.

“म्हंजे आमच्यासारखंच,” बाजूला ऑर्गन पुसत बसलेले मास्तर म्हणाले. “आमची हिरोइन दव पडून रायलं असतानी उन्हाचा परवेश करते. पदरानं घाम पुसते, अन दात वाजतात.”

पैशाचा विषय निघालाच. पहिला ‘टर्मिनेटर’ १९८४ चा, साधारण ६४ लाख डॉलरमध्ये झालेला. दुसऱ्याला दहा कोटींच्या वर गेले. त्या काळातला तो सगळ्यात महागडा सिनेमा. चांगल्या यंत्रमानवाचं काम करणाऱ्या अर्नोल्ड श्वार्झनेगरला मानधनाच्या बदल्यात जेट विमान मिळालं. यावर काकांनी एवढंच विचारलं की ते विमान शेवटी कुणाच्या दारात उभं राहिलं, आणि मास्तर इतके हसले की ऑर्गनचा एक सूर दाबला गेला.

ट्रक रिकामा होईतो मी बरंच काही ओतलं. लिफ्टमधल्या गोळीबाराच्या वेळी नायिका साराचं काम करणाऱ्या लिंडा हॅमिल्टननं कानातले बोळे परत घातले नाहीत आणि एका कानाला कायमची इजा करून घेतली. रॉबर्ट पॅट्रिकनं तोंड मिटून, फक्त नाकानं श्वास घेत पळायचा सराव केला, कारण यंत्र धापा टाकत नाही. पुलाखालून हेलिकॉप्टर घालायचा शॉट होता; पायलट चक टॅम्बुरो तयार झाले, पण कॅमेऱ्याच्या माणसांनी नकार दिला, तेव्हा कॅमेरून यांनी स्वतः कॅमेरा धरला. मोटारसायकल कालव्यात उडी घेते तेव्हा ती जाड तारांना टांगलेली होती आणि तारा नंतर कॉम्प्युटरवर पुसल्या. या शेवटच्या गोष्टीवर काका जरा नाराज झाले. “पुसल्या तं काय मोठं? आमी कारा दोरा कारा पडद्यावर धरतो. पुसत नाई, दिसतच नाई.”

पण खरी दाद मिळाली ती आवाजाला. वेड्यांच्या इस्पितळात टी-१००० लोखंडी गजांमधून आरपार जातो तेव्हा एक ओला, घुसमटलेला, सरकता आवाज येतो. सिनेमाच्या आवाजाचं काम बघणारे गॅरी रायडस्ट्रॉम यांनी तो काढला कुत्र्याच्या खाण्याच्या डब्यातून. डबा उलटा धरला की आतला ओला गोळा हळूहळू घसरत खाली येतो, तोच हा आवाज. या सिनेमाला चार ऑस्कर मिळाली. त्यांतली दोन आवाजाची.

मास्तर उठले. कुणाच्या तरी घरून जेवणाच्या डब्यात थंड झालेला, घट्ट भिजलेला गोडा भात आला होता. तो डबा त्यांनी माइकजवळ उपडा धरला. भात काही हलेना. मास्तरांनी डब्याच्या बुडाला एक चापट मारली आणि कर्ण्यातून अख्ख्या गावभर असा काही ‘फळ्ळप्’ आवाज गेला की समोर जमीन खोदणारी पोरं फावडी टाकून उभी राहिली. दोन क्षण सगळं गप्प. मग काका गंभीरपणे म्हणाले, “भूताच्या परवेशाले चालते.”

रात्रीचं नाटक मी अर्धं समोरून आणि अर्धं विंगेतून पाहिलं. समोरून ते कौटुंबिक होतं: दोन भाऊ, एक वाडा, एक खोटं मृत्युपत्र. विंगेतून ते वेगळंच नाटक होतं. थोरल्या भावाचं काम करणारे गृहस्थ आत आले की पागोटं फेकून बंडी चढवायचे आणि पलीकडून नोकर होऊन बाहेर जायचे. खलनायकाच्या सदऱ्याखाली त्या पोरानं खरंच स्प्रिंग बसवली होती. बॉलपेनांतल्या चार स्प्रिंगा, लाल चिंधी आणि सुतळी. गोळी सुटली, पोरानं विंगेतून सुतळी ओढली, चिंधी बाहेर आली. थोडी उशिरा, तोवर खलनायक पडून एक वाक्य बोलून झाला होता. पब्लिकला त्याचं काही नाही. शिट्ट्यांनी मांडव उठला.

पहाटे नाटक सुटल्यावर चहाच्या टपरीवर काकांनीच विषय काढला. “तुमी दुपारी जुळ्याचं म्हनत होता. ते रायलं.”

राहिलंच होतं. या सिनेमात जुळ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिली, इस्पितळातला पहारेकरी. तो यंत्रातून कॉफी घेत असतो आणि मागे चौकटीचौकटीच्या फरशीतून टी-१००० त्याचंच रूप घेऊन वर येतो. तिथं डॉन आणि डॅन स्टँटन हे जुळे भाऊ आहेत. दुसरी जोडी खुद्द नायिकेची. लिंडा हॅमिल्टनला लेस्ली नावाची जुळी बहीण होती. शेवटी कारखान्यात दोन दोन सारा दिसतात, तिथं ती कामाला आली. पण तिचं सगळ्यात अवघड काम आरशाच्या दृश्यात आहे. अर्नोल्डच्या डोक्याची कवटी उघडून आतली चिप काढायची, समोर आरसा, कॅमेरा त्यांच्या पाठीमागून आरशात बघतोय. खरा आरसा ठेवला तर कॅमेराही दिसणार, आणि खऱ्या अर्नोल्डचं डोकं तर उघडता येत नाही. म्हणून आरसाच ठेवला नाही. भिंतीला चौकट, पलीकडे तशीच दुसरी खोली, सगळं उलट्या हातानं मांडलेलं. एका बाजूला लिंडा, दुसऱ्या बाजूला लेस्ली. एका बाजूला अर्नोल्ड, दुसऱ्या बाजूला त्याचा पुतळा. दोघी बहिणींनी एकाच लयीत हात हलवायचे, एकीचा डावा तर दुसरीचा उजवा.

काकांनी चहा खाली ठेवला. हे त्यांना खोल कुठंतरी लागलं होतं. हातानंच हवेत चौकट आखली, आत डोकावले, मान हलवली.

“अन हा परवेश कितीक वेळ चालते?”

“१९९१ साली थिएटरमध्ये तो नव्हताच. लांबी कमी करायला कापला. नंतर स्पेशल एडिशनमध्ये घातला.”

“कापला?” मास्तर आणि काका दोघंही एकदम म्हणाले. मग काकांनी टपरीवाल्याकडे असं बघितलं जणू त्यानंच कापला. “आमच्या इथं आरशाचा परवेश पोस्टरवर लिहिला अन दाखवला नाई, तं पब्लिक खुर्च्यासंगट पैसे वापस नेते जी.”

ट्रक भरून झाला होता. तरी काकांनी खिडकीची एक चौकट परत खाली काढायला लावली आणि टेप धरून मोजली. जुळे मिळणार नव्हते, पण कंपनीत उंचीनं सारखे दोघे होते: थोरल्या भावाचं काम करणारे आणि ड्रायव्हर. मिशी लावली की पाठीमागून कोण ओळखतंय? सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात मेकअप पुसत आलेल्या थोरल्या भावानं विचारलं की पब्लिककडे पाठ करून कोण उभं राहणार, आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू करेपर्यंत तो तिढा काही सुटला नाही.