पाऊणकी

अलिबागला जाण्याचा आमचा बेत दर दिवाळीत ठरतो आणि होळीपर्यंत मोडतो. यंदा तो मोडू नये म्हणून मी जानेवारीतला एक शनिवार पक्का केला, नागावच्या एका रिसॉर्टमध्ये दोन खोल्या सांगून ठेवल्या आणि रात्री मागचे सगळे आवरल्यावर गाडीसकट नेणाऱ्या रो-रो बोटीचे तिकीट काढायला संगणकासमोर बसले. जाण्याची तारीख, परतीची तारीख, गाडीचा क्रमांक, प्रवाशांची नावे, वये, असे रकाने एकामागून एक भरत गेले आणि आत्याच्या वयापाशी येऊन मी अडले, कारण तिचे नेमके वय आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. पडद्याच्या कोपऱ्यात दहा मिनिटांची मुदत उलटी मोजली जात होती. मी आत्याला फोन लावला. वयाचा प्रश्न तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि उलट विचारले, "त्या दिवशी तिथी कोणती?"

मी तारीख सांगितली. "तारीख नको गं, तिथी सांग." स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहून मी शुद्ध दशमी असल्याचे कळवले. "दहा पाऊण साडेसात," आत्या म्हणाली आणि क्षणभर गप्प राहिली. "साडेसातला भरती, म्हणजे दीडला ओहोटी. भर उन्हात वाळू तुडवत किल्ल्यावर कोण जाणार? शिवाय भांगाचं पाणी, ते ओसरून ओसरणार किती! पुढचा शनिवार बघ." पुढच्या शनिवारी वद्य द्वितीया होती आणि रविवारी तृतीया. "तीन पाऊण सव्वादोन. सव्वाआठला ओहोटी. हे बरं." एवढे होईपर्यंत पडद्यावरची मुदत संपली होती आणि भरलेले सगळे रकाने कोरे झाले होते.

पावकी, निमकी, पाऊणकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची घराणी माझ्या पिढीपर्यंत येता येता संपली. आजोबा हिशेब करताना ती पुटपुटत, एवढेच मला आठवते. त्यांतली पाऊणकी समुद्राकाठी मात्र अजून कामाला येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्याच्या मागोमाग भरतीही तितकीच लांबत जाते, आणि आमच्या किनाऱ्यावर अमावास्येला व पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास भरते. म्हणून तिथीला पाऊणने गुणले की त्या दिवसाच्या भरतीची वेळ निघते आणि त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटीची. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ते धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, तो भांग. पंधराव्या तिथीला या हिशेबाने सव्वाअकरा येतात, बारा येत नाहीत, हे मी दुसऱ्या दिवशी मोठ्या हुशारीने आत्याच्या लक्षात आणून दिले. "पुनवेला गुणायचं कशाला?" ती म्हणाली. "पुनवेला बारा, हे ठाऊकच असतं."

हा सगळा खटाटोप कुलाबा किल्ल्यासाठी होता. अलिबागच्या किनाऱ्यासमोर उभ्या असलेल्या या किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते आणि भरतीच्या वेळी तो पुन्हा बेट होतो. त्यात रघुजी आंग्रे यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आहे आणि चहूकडे खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे. आत्या लहानपणी वडिलांचे बोट धरून माघी गणपतीला तिथे गेली होती आणि आता गुडघे साथ देतात तोवर तिला पुन्हा जायचे होते. रिसॉर्ट, पोहण्याचा तलाव, नाश्ता समाविष्ट असलेली खोली, हे सगळे तिच्या लेखी किल्ल्याच्या ओहोटीला जोडलेले परिशिष्ट होते.

तिथी आता ठरली, वाट मात्र आधीच ठरली होती. पनवेल, पेण, वडखळ असा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता घरातल्या पुरुषमंडळींना जवळचा वाटतो, कारण त्यात कुणाला काही विचारावे लागत नाही. परंतु शनिवारच्या सकाळी वडखळला जी रांग लागते ती पाहिली की समुद्र आपोआप आठवतो. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आणि कॅटमरान मला स्वतःला सर्वांत आवडतात. त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंत बस मिळते, आणि थंडीत सीगल पक्ष्यांचे थवे बोटीमागे उडत येतात तेव्हा मोठी माणसेसुद्धा लहान मुलांसारखी ओरडतात. (त्यांना गाठी-शेव चारणाऱ्यांना मात्र कुणीतरी आवरायला हवे.) पण गेटवेच्या ओल्या, निसरड्या पायऱ्या उतरून आणि प्रसंगी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकून जाणे आत्याला जमणार नव्हते. त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, गाडीसकट माणसांना तासाभरात मांडव्याला उतरवणारी रो-रो पक्की झाली होती. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि काही दिवसांतच टाळेबंदीमुळे थांबली, तेव्हा आमचा पहिला बेतही तिच्याबरोबरच बुडाला होता.

भाऊचा धक्का म्हटल्यावर आत्याचा आवाज बदलला. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या धक्क्याचे हे नाव. आज तिथे मासळीचा वास आधी येतो आणि पाटी मागाहून दिसते. नागावची माणसे मुंबईला येत ती रेवसहून लाँच पकडून याच धक्क्यावर उतरत. रेवसच्या बंदराला गाळाची जुनी खोड असल्यामुळे ओहोटीला लाँच धक्क्याला लागेल की नाही याची खात्री नसे, म्हणून घरातून निघण्याआधी आजी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघे आणि पाऊणकी म्हणे. आत्याच्या प्रश्नाचे मूळ इथे होते. तिथी विचारल्यावाचून बोटीत बसायचे असते हे तिच्या कानांना अजून पटत नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर आमच्या घरात नारळी पौर्णिमेआधी कुणी बोटीत पाय ठेवायचा नाही असा नियम झाला. गेटवेच्या लाँच आजही पावसाळ्याचे तीन महिने बंद असतात. आजीचा नियम आणि बंदराचा नियम यांत फारसे अंतर नाही.

दुसऱ्या रात्री मी पुन्हा संगणकासमोर बसले. या वेळी आत्याने वय सांगितले, पण त्याआधी ते तिकिटावर छापले जाणार आहे का, याची चौकशी केली. खिडकीची जागा मागता येते का, असेही विचारले. बोटीत वर मोकळ्या हवेत उभे राहता येते, असे सांगितल्यावर तिने लोकरीची टोपी घेण्याचे जाहीर केले. खांदेरी आणि उंदेरी हे जलदुर्ग कोणत्या बाजूला दिसतील, यावर माझ्या चिरंजीवांनी नकाशा उघडला. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली आणि पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारी उंदेरी बळकावली, हा इतिहास त्याला नुकताच शाळेत झाला होता, त्यामुळे तो दोन शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भांडणासारखा रंगवून सांगत होता. बँकेचा सांकेतिक क्रमांक नवऱ्याच्या फोनवर आला आणि नवरा त्याच वेळी कचरा टाकायला खाली गेला होता. तरीही मुदत संपायला अठ्ठावीस सेकंद असताना तिकीट निघाले.

राहता राहिली खोली. नागावला आत्याचे माहेर होते, आता नाही. वाडी विकून तीसेक वर्षे झाली आणि गावातल्या कितीतरी सुपारीच्या वाड्यांत आता पाहुण्यांसाठी खोल्या उभ्या आहेत. आम्ही ठरवलेला रिसॉर्टही अशाच एका वाडीत आहे. खोली दुपारी एकनंतर मिळेल असे तिथून कळवण्यात आले, ते मी आत्याला सांगितले. "माहेरी शिरायला एकची वेळ?" एवढेच ती म्हणाली आणि लगेच हसली, पण मी मात्र फोन ठेवून रिसॉर्टला पुन्हा फोन केला. सकाळी दहा वाजता निदान ओटीवर बसू द्या, अशी विनंती केली. पलीकडच्या माणसाने आत्याचे माहेरचे आडनाव विचारले, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "त्यांना म्हणावं कधीही या. विहीर तीच आहे."

जेवणाचा हिशेबही तिथीनेच सुटला. शनिवारी आत्या मासे खात नाही आणि सोमवारी संकष्टी येत होती, त्यामुळे सुरमई, पापलेट आणि तिसऱ्या यांना मिळून एक रविवार उरला. तो किल्ल्यावरून परतल्यावर दुपारी, असे ठरले. "अलिबागसे आया है क्या" हा मुंबईकरांचा आवडता टोमणा आत्याला आयुष्यभर ऐकावा लागला आहे. त्यावर बंदी यावी म्हणून कुणी उच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली, ही बातमी तिने तेव्हा मला मोठ्याने वाचून दाखवली होती. "आता अलिबागला चाललेय, हे सांगून ठेव सगळ्यांना," असे तिने या वेळी बजावले.

तिकीट फोनमध्ये आहे, यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून मी ते कागदावर छापून नेऊन दिले. तिने ते कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानामागे खोचले आणि रविवारच्या चौकटीत पेन्सिलने ८.१५ असे लिहिले. घरी येऊन मी मुंबई बंदराचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टक उघडले आणि पाऊणकीशी ताडून पाहिले. ओहोटीची वेळ बारा मिनिटे अलीकडची निघाली. रात्री दहा वाजता फोन करून मी ते आत्याला सांगितले.

"मग पावणेआठलाच निघू," ती म्हणाली. "आणि चपला हातात घेऊन चालायचं, आत्ताच सांगून ठेवते."